दोनदा मोजलेला आरसा

एका पत्राचं उत्तर द्यायचं राहून गेलं आहे, हे त्याला दिवसातून एकदा तरी आठवायचं, आणि आठवलं की तो दुसरं काहीतरी करायला उठायचा. कधी पाणी प्यायला, कधी खिडकीची कडी नीट लागली आहे की नाही ते बघायला. चोवीस वर्षं हे चाललं होतं. 'राहून गेलं' हे शब्दही त्याने आपली सोय बघूनच निवडले होते. राहून जाते ती दाढी, औषधाची गोळी, कुणाकडे तरी जाऊन यायचं. हे पत्र त्याने ठेवून दिलं होतं. कपाटाच्या वरच्या खणात, कोष्टकांच्या जाड पुस्तकात. ते उघडून बघायची गरज नव्हती. एकच कागद, एकच बाजू, डावीकडे झुकलेलं अक्षर, आणि मजकूर तोंडपाठ. 'तपासनीस, मी इथे चष्म्यांच्या दुकानात रुळलोय. लोक बरे आहेत. तुम्हाला एकच विचारायचं होतं. मी कुठे चुकलो? ते गणित मी इथे येऊन अकरा वेळा केलं, अकराही वेळा बरोबर येतं. ज्याला स्वतःची चूक अकरा वेळा दिसत नाही त्याने आकड्यांना हात लावू नये, असं मला वाटायला लागलंय. तुम्ही फक्त भिंगाच्या ज्या पृष्ठभागावर चुकलो त्याचा नंबर लिहा, बाकीचं मी बघून घेईन. तुमचं उत्तर येईपर्यंत मी बाराव्यांदा करणार नाही. आपला, तिरपा.'

तिरपा हे काही खरं नाव नव्हतं. काच उजेडात धरून बघताना तो मान खांद्यावर टेकेल इतकी कलती करायचा, आणि पुढे पुढे काच हातात नसतानाही करायला लागला, म्हणून कारखान्यात त्याला सगळे तिरपा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे 'तिरपे', जणू आडनावच. पगाराच्या पाकिटावर एकदा कारकुनाने तेच लिहिलं तर त्याने सही करून पाकीट घेतलं होतं. आणि ज्याला हे पत्र आलं त्याला सगळे तपासनीस म्हणायचे, कारण त्याचं कामच ते. दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांची भिंगं बनवणारा लहानसा कारखाना होता, चाळीसेक माणसांचा. भिंगाची रचना तिरपा करायचा आणि ती तपासनीसाने पहिल्यापासून पुन्हा मोजायची. दोघांनी दोन खोल्यांत बसायचं, एकमेकांचा कागद बघायचा नाही, मधल्या काळात त्या विषयावर चकार शब्द काढायचा नाही, आणि दोघांचं झालं की साहेबांच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवायचे. आकडे जुळले तरच काच घासायला जायची. संगणक आला होता, त्यावर तिरपा बसायचा, पण साहेब म्हणायचे, यंत्राला जे सांगाल तेच ते आपल्याला परत सांगतं. माणसाच्या हाताने निघालेला आकडा त्यांना हवा असायचा. तो हात तपासनीसाचा. सगळं दोनदा बघायचं हा त्याचा स्वभाव होता, आणि जगात अशी एक जागा निघाली होती की जिथे त्या स्वभावाला पगार मिळायचा. घरी बायको म्हणायची, 'कुलूप लागलंय हो. ते तुम्हाला घाबरून तरी लागलेलं राहील.'

आता बायको नव्हती, कारखानाही नव्हता, आणि तो मुलीकडे राहत होता. त्या दिवशी सकाळी मुलीचा फोन जिन्यावरून घरंगळत खाली गेला. काच फुटली नाही, पण कॅमेऱ्यातून लांबचं काही घ्यायला गेलं की चित्र थरथरायचं आणि आतून खुळखुळल्यासारखा आवाज यायचा. ती कामावर निघाली होती. म्हणाली, 'बाबा, तुम्हाला बाहेर पडायला काहीतरी कारण हवंच असतं ना? हे घ्या कारण.' म्हणून तो पुलाखालच्या गाळ्यांपैकी एका गाळ्यात गेला. तिथे फोन दुरुस्त करणारी एक बाई बसायची. तिशीची असेल. एका डोळ्याला घड्याळजींसारखं भिंग लावलेलं, हातात चिमटा, समोर पांढरा कागद. तिने फोनची पाठ गरम हवेने सैल करून उचकटली आणि आतल्या तीन कॅमेऱ्यांपैकी कडेचा चिमट्याने दाखवला.

'हा गेलाय, आजोबा. लांबचं जवळ आणणारा.'

'तिन्ही एकच नसतात का?'

'छे. हा निराळा. बाहेरून बघा, बाकीचे गोल दिसतात, हा चौकोनी.' तिने तो अलगद सोडवून कागदावर ठेवला. करंगळीच्या पेराएवढी धातूची आडवी डबी. 'बाकीचे उभे असतात, हा झोपलेला असतो. उंच माणूस बुटक्या खोलीत झोपूनच राहणार ना, तसं. उजेड इथून आत येतो, ह्या तिरक्या काचेवर आपटतो, वळतो आणि मग आडवा जातो. नाहीतर फोनला पुढे नळी काढायला लागली असती. वास्तविक दुर्बीणच आहे ही, बसायला जागा नाही म्हणून आडवी केलेली.'

'प्रिझम,' तो म्हणाला.

'काय?'

'काही नाही.'

तिने डोळ्यावरचं भिंग काढून त्याच्या हातात दिलं. 'बघायचंय? बघा. घाबरू नका, हा आता फेकायचाच आहे. ह्यातल्या बारीक गोळ्या निसटल्या की परत बसत नाहीत.' त्याने भिंग डोळ्याला लावलं. ह्याच डोळ्यात तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढून कुणीतरी मोजून केलेलं भिंग बसवलं होतं, आणि ते बरोबर मोजलं असेल ना ह्या काळजीने तो शस्त्रक्रियेच्या आधी दोन रात्री झोपला नव्हता. त्या भिंगातून, हातातल्या भिंगातून, त्याला ते दिसलं. प्रिझमवरचा हिरवट जांभळा मुलामा. त्याच्या मागे थोडी रिकामी जागा. मग पहिलं सरकतं भिंग, मग दुसरं, मग तिसरं, आणि शेवटी चित्र जिथे पडतं ती काळी चकती. सगळं इतकं लहान की श्वास लागला तर उडून जाईल, पण क्रम तोच. रिकामी जागासुद्धा तीच. तिरप्याने एकदा खिशात मावेल असा कॅमेरा कागदावर काढला होता, त्यातली जागा बोटाच्या रुंदीची होती, ही तांदळाच्या दाण्याएवढी. बाकी काही फरक नव्हता. त्याने चिमट्याने ते सरकतं भिंग हळूच मागे ढकललं. ते गेलं. प्रिझमपासून दूर दूर जात राहिलं, आणि कुठेही काही बिघडलं नाही.

'आजोबा, तुम्ही ह्या लाइनमध्ये होता का?'

'नाही,' तो म्हणाला. आणि आपण किती पटकन नाही म्हणालो ह्याचं त्याला नवल वाटलं.

'हात कसा स्थिर आहे तुमचा. माझा बाप ह्या वयात चहा अर्धा बशीत पितो तो हौसेने नव्हे.' ती हसली. 'नवीन बसवते. तासाभरात या.'

तो तासभर कुठेही गेला नाही. गाळ्यासमोर एक सिमेंटचा बाक होता, त्यावर बसून राहिला. पुलावरून गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीबरोबर बाक आतून किंचित हलायचा. समोरच्या गाळ्याच्या काचेत पुलाचा खांब दिसत होता आणि त्या खांबाशेजारी एक म्हातारा बसलेला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, कुणीतरी हाक मारील अशा बेताने. तो आपणच, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्याने मान वळवली. तोंडात तांबड्या पुडीची चव आली होती, काच पॉलिश करताना वापरायचे ती. तो कधी पॉलिशच्या खोलीत बसला नव्हता, पण ती पूड सगळ्या कारखान्यात असायची. डब्यातल्या भातावर असायची, रुमालात असायची, संध्याकाळी हात धुतले की मोरीत तांबडं पाणी जायचं आणि बायको म्हणायची, 'कुणाचा खून करून आलात?' तेव्हा तो हसायचा. ज्या संध्याकाळी तिरप्याच्या रचनेचा निकाल लागला त्या संध्याकाळीही तिने हेच म्हटलं होतं, आणि तेव्हाही तो हसला होता, कारण तेव्हा त्याला काही माहीतच नव्हतं.

तिरप्याने ती रचना आणली तेव्हा तो आठवडाभर कुणाशी धड बोलत नव्हता. जेवताना डबी हातात घ्यायचा, काडेपेटीची, ती आडवी करायचा, उभी करायचा, पुन्हा आडवी. साहेबांना म्हणाला, 'भिंगाची नळी पुढे यायला हवी असं कुणी सांगितलं? तिला झोपवा. पुढे एक प्रिझम द्या, उजेड काटकोनात वळवा, आणि मग कॅमेऱ्याच्या लांबीत भिंगं हवी तेवढी सरकवा. बाहेर काही निघणार नाही. शर्टाच्या खिशात जाईल.' साहेब मुळात थंड माणूस. ते म्हणाले, 'कागद आणा.' कागद आले, एक संच तिरप्याने ठेवला, मोजमापांचा तक्ता तपासनीसाकडे आला. सगळ्या काचांच्या दोन्ही बाजू धरून अठरा पृष्ठभाग, प्रत्येकाला नंबर. तो दहा दिवस मोजत होता.

प्रिझम असलं की गणित दोन रीतींनी करता येतं. एक म्हणजे प्रकाश जसा वळतो तसा कागदावरही वळवायचा, आणि वळल्यानंतरच्या अंतरांपुढे उणे लिहायचं, कारण तो आता उलटा चालला आहे असं धरायचं. दुसरी म्हणजे प्रिझम उलगडून टाकायचं. वळण नाहीच, तिथे नुसती एक जाड सपाट काच आहे असं समजायचं आणि सरळ पुढे जायचं. कुठलीही रीत घ्या, उत्तर तेच येतं. त्याने उलगडायची रीत घेतली, ती सोपी म्हणून. आणि उलगडून झाल्यावर, काच ओलांडल्यावर जे पहिलं अंतर आलं, प्रिझमपासून सरकत्या भिंगापर्यंतचं, त्याच्यापुढे त्याच्या हाताने उणे लिहिलं. प्रिझम म्हणजे आरसाच, आणि आरसा आला की उणे विसरायचं नाही, ही एकोणीस वर्षांची धास्ती त्या हातात मुरलेली होती. निष्काळजी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. एकच आरसा होता, आणि त्याने तो दोनदा मोजला, एकदा उलगडून आणि एकदा उणे लिहून. पुढची अंतरं एका जुन्या सरळ भिंगाच्या कागदाच्या धाटणीवर उतरवलेली होती, ती सगळी ठीक होती. चूक एवढीच, एका रकान्यात एक आडवी रेघ. ती जागा जवळचं चित्र घेताना इतकी बारीक होती की तिथे फरक कळलाच नाही. लांबचं घ्यायला गेलं की भिंग मागे सरकायचं, जागा मोठी व्हायची, आणि चित्र फिसकटायचं. एखादी खरोखरच सदोष रचना जशी फसते नेमकी तशीच ही फसलेली दिसत होती. त्याने रिवाजाप्रमाणे ते दुसऱ्यांदा केलं. फक्त मांडणीचा रकाना नव्याने लिहायच्या ऐवजी पहिल्या कागदावरून उतरवून घेतला.

टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले गेले. शेवटच्या ओळी जुळत नव्हत्या. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, 'परत बघू या का?' हा प्रश्न त्याच्याकडे बघून विचारलेला होता. हो म्हणायला हवं होतं. नियमच तसा होता, जुळलं नाही तर दोघांनी पुन्हा बसायचं. पण तो दहा दिवस झोपला नव्हता आणि त्याच्या शब्दावर अशी तोंडावर शंका क्वचितच कुणी घेतलेली होती. तो म्हणाला, 'मी दोनदा केलंय.' खोटं काहीच नव्हतं त्यात. साहेब तिरप्याकडे वळले. तिरप्याने मान कलती केली, दोन्ही कागदांकडे एकदा पाहिलं, आणि हसून म्हणाला, 'तपासनीस म्हणतात ना? मग संपलं. त्यांचं चुकल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.' साहेब म्हणाले, 'ठरलं तर.' आणि त्या दोन शब्दांनी त्याच्या छातीवरचं काहीतरी असं खाली उतरलं, इतकं बरं वाटलं, की बाहेर येऊन तो पाणी पिताना ठसकला.

तिरपा चार महिन्यांनी सोडून गेला. भांडण नाही, तंटा नाही. पुतणीच्या गावी चष्म्यांचं दुकान होतं, तिथे जातो म्हणाला. त्यानंतर आठ महिन्यांनी पत्र आलं. ते वाचून तपासनीस खरोखरच पृष्ठभागाचा नंबर शोधायला बसला होता. आपल्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे तो पुढे स्वतःला पुष्कळदा सांगत आला. मित्राला मदत करायची म्हणून कागद काढले. पहिल्या संध्याकाळी काही सापडलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी नाही. तिसऱ्या संध्याकाळी रकाना नव्याने लिहायला घेतला आणि सातव्या ओळीशी पेन्सिल थांबली. स्वयंपाकघरात बायको भांडी लावत होती, एकेक ताट मांडणीवर ठेवल्याचा आवाज येत होता. त्याने ती ताटं मोजली. अकरा होती. मग त्याने रेघ खोडली आणि पुढे मोजत गेला, आणि सगळं जागच्या जागी येऊन बसलं, शेवटच्या आकड्यापर्यंत.

त्या महिन्यात त्याने पुष्कळ उत्तरं लिहिली. सगळी प्रकृतीची चौकशी करून सुरू व्हायची. कुठे तो आपल्या अपुऱ्या झोपेबद्दल लिहायचा, कुठे कारखान्यातल्या कामाच्या गर्दीबद्दल. एक उत्तर सात पानी झालं होतं आणि त्यात चूक सहाव्या पानावर येत होती. बायकोने विचारलं, 'लिहिलंत का हो त्यांना?' तो म्हणाला, 'नीट लिहितोय.' पत्र नीट झालं नाही, मग महिना उलटला, आणि महिन्यानंतर उशिराबद्दलही लिहायला लागणार होतं, आणि वर्षानंतर तर उशीर हाच मूळ मजकूर झाला. पण ह्याहून वाईट एक होतं. दोन वर्षांनी साहेबांनी बाहेरच्या कुठल्याशा कंपनीचा एक कॅमेरा आणून टेबलावर ठेवला. शर्टाच्या खिशात जाईल असा, सपाट, नळी नसलेला. कुणीतरी दुसऱ्याने स्वतंत्रपणे काढला होता. साहेब काही बोलले नाहीत, नुसता ठेवला. पाचसहा जण उभे होते. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून तो बोलला. म्हणाला, 'कसं काय जमवलं असेल ह्यांनी?' हे वाक्य त्याने म्हटलं होतं. त्या वेळेपर्यंत त्याला दोन वर्षं सगळं माहीत होतं. कारखाना त्यानंतर वर्षाने बंद पडला. तो त्यामुळेच पडला असं कुणी म्हणत नव्हतं. तेव्हा सगळेच बंद पडत होते. पण चाळीस माणसं फाटकातून बाहेर पडताना त्याने त्यांच्याकडे पाहिलं होतं, आणि त्यांतल्या चारपाच जणांनी त्याच्याच खांद्यावर हात ठेवून त्याला धीर दिला होता.

'आजोबा, झाला.' दुरुस्तीवाली गाळ्यातून हाक मारत होती. तिने फोन त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, 'बघा, त्या पुलावरच्या पाटीवर धरा. ओढा जवळ.' त्याने धरला. पाटीवरचं अक्षर न् अक्षर, रंगाचा उडालेला टवका, त्यामागचा गंज, सगळं स्वच्छ समोर आलं. 'कसं आहे?' तिने विचारलं. 'बरोबर आहे,' तो म्हणाला, आणि हा शब्द त्याच्या तोंडून असा निघाला की तिने चिमटा खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पॉलिशच्या बाईंना फोन केला. कारखान्यात त्या पॉलिशच्या खोलीच्या मुख्य होत्या आणि अजूनही सगळ्यांची खबर ठेवून असायच्या. नंबर जुन्या वहीत होता. लागेल असं त्याला वाटलं नव्हतं.

'अगंबाई, तपासनीस. जिवंत आहात होय?'

'आहे.'

'दोनदा बघून सांगताय ना?' त्या हसता हसता खोकल्या. मग त्यांनी कोण गेलं, कोणाचे गुडघे गेले, कोणाची सून कशी आहे हे सगळं सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं आणि शेवटी तिरप्याचं विचारलं.

'आहे की. मागल्या वर्षी जाऊन आले मी. पुतणीकडेच आहे, तेच दुकान. काचा पुसून देतो, चष्मे डबीत घालून देतो, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो. मान अजून तशीच. पण नंबर लिहायचा म्हटलं की पुतणीला हाक. ती म्हणते, काका, अहो तीन न् दोन तरी तुम्ही करा. तर म्हणतो, नको, तूच कर, मला त्यातलं कळत नाही.'

'जुनं काही बोलतो का?'

'बोलतो ना. सगळ्यांना तेच सांगतो. माझं एक गणित होतं, फार जीव होता त्याच्यावर, आणि ते चुकलं. म्हणतो, बरं झालं चुकलं. वेळेवर कळलं, नाहीतर जन्मभर स्वतःला शहाणा समजत बसलो असतो. तुमचं नाव काढतो बरं का. म्हणतो, तपासनीसांनी उत्तर पाठवलं नाही, त्यातच मी समजलो. बिचाऱ्यांना सांगायला जड गेलं असणार. खरं सांगू का, एवढा सुखी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आपण सगळे कुरकुरतोय आपले. तो नाही.'

फोन ठेवल्यावर तो खुर्चीतच बसून राहिला. उन्हाचा चौकोन जमिनीवरून भिंतीवर चढला. त्याने आतापर्यंत ज्या तिरप्याची कल्पना केली होती तो पिचलेला होता, चिडलेला होता, उत्तराची वाट बघत होता. त्या तिरप्याला काही देता आलं असतं. हा वाट बघतच नव्हता. ह्याला उत्तर कधीच मिळालेलं होतं, आणि तेही चुकीचं, आणि त्यावर त्याने आपली राहायची सोय करून घेतली होती. मनाशी तो शब्द जुळवून बघू लागला: तुम्ही बरोबर होता. पंच्याहत्तरीच्या माणसाला हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं? चोवीस वर्षं तुम्ही आकड्यांना हात लावला नाहीत त्याची काही गरज नव्हती. एवढंच.

संध्याकाळी मुलगी आली, पिशवी ठेवली, कालच्यासारखीच फोनवरून समोरच्या इमारतीची गच्ची ओढून बघितली आणि पुन्हा खूष झाली. तो तिला म्हणाला, 'एका माणसाची गोष्ट आहे,' आणि सगळं सांगितलं, नाव न घेता, कारखाना न सांगता. ती कांदा चिरत ऐकत होती.

'तो माणूस तुम्हीच ना, बाबा?'

त्याने तिचा फोन उचलून पालथा ठेवला.

'आईला माहीत होतं?'

'पत्र आलेलं माहीत होतं. बाकी नाही.'

तिने सुरी ठेवली, हात धुतला आणि त्याच्या समोर येऊन बसली. आवाज चढवला नाही. 'मग आता कशाला? ते बरे आहेत ना तिकडे? तुमच्या मनावरचं उतरावं म्हणून त्यांच्या मनावर ठेवायचं? त्यांना कुठे ठेवायला जागा आहे आता? राहू दे. तुम्ही पुष्कळ भोगलंत, आता ह्या वयात तरी सोडा ते.'

'हो,' तो म्हणाला. 'तू म्हणतेस ते खरं आहे.' आणि ते खरंच होतं, त्याला त्यात कुठे बोट ठेवायला जागा सापडली नाही. मुलगी पुन्हा ओट्याशी गेली. त्याच वेळी त्याच्या छातीवरून काहीतरी खाली उतरल्यासारखं झालं आणि अंगभर बरं वाटलं. खुर्चीच्या पाठीला पाठ टेकली. हात सैल पडले. हे बरं वाटणं त्याने पूर्वी कुठेतरी अनुभवलं होतं, आणि कुठे ते आठवायला फार वेळ लागला नाही. साहेब म्हणाले होते, ठरलं तर. अगदी हेच, असंच, छातीच्या मधोमध. तेव्हाही दुसऱ्या कुणीतरी ठरवलं होतं आणि तेव्हाही त्याच्या बाजूनेच ठरलं होतं. तो ताठ बसला. त्याला किळस आली, आणि ती कुणाची आली हे समजून घ्यायची गरज नव्हती. तिरपा सुखी आहे हे त्याने आज दुपारी ऐकलं, आणि तेव्हापासून आपण ते सुख दोन्ही हातांनी धरून ठेवलं आहे, तिरप्यासाठी नव्हे. माणसाने एक साधा प्रश्न विचारला होता. पृष्ठभागाचा नंबर विचारला होता. विचारणाऱ्याचं पुढे काय होईल हे बघून आकडा सांगायचा, अशी तपासणी त्याने कधी केली नव्हती. आणि केली असती तर साहेबांनी त्याला दाराबाहेर काढलं असतं, आणि बरोबरच केलं असतं. तरीही मुलगी म्हणाली ते खरं होतं. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर जुळत नव्हते, आणि ह्या वेळी परत बघू या म्हणणारं कुणी नव्हतं.

सकाळी मुलगी गेल्यावर त्याने कोरा कागद घेतला. प्रकृतीची चौकशी केली नाही. लिहिलं: 'तिरपे, तुम्ही कुठल्याही पृष्ठभागावर चुकला नव्हता. चूक माझी होती. प्रिझम उलगडून घेतल्यावरही मी सातव्या ओळीत अंतरापुढे उणे लिहिलं. आरसा एक होता, मी तो दोनदा मोजला. दुसऱ्यांदा करताना रकाना उतरवून घेतला, म्हणून सापडली नाही. तुमचं पत्र आल्यावर तिसऱ्या संध्याकाळी मला हे कळलं. तेव्हापासून मला माहीत आहे. हल्लीच्या फोनमध्ये तुमची रचना असते, चौकोनी खिडकीच्या मागे. मी परवा एक उघडलेला पाहिला. लांबच्या टोकालाही चित्र स्वच्छ येतं.' इथे तो थांबला. क्षमा करा असं लिहावं की नाही हे त्याला ठरवता येईना. लिहिलं तर ते पुन्हा काहीतरी मागणं होणार होतं, आणि तिरप्यासारखा माणूस ते ताबडतोब देऊन मोकळा झाला असता, मान कलती करून. त्याने लिहिलं नाही. खाली 'तपासनीस' अशी सही केली, ती बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण दुसऱ्या कुठल्या नावाने तिरप्याने त्याला ओळखलं नसतं. सातव्या ओळीचा तो जुना कागद, खोडलेल्या रेघेसकट, त्याने आत घातला. सगळं मिळून अर्धं पान झालं होतं. चोवीस वर्षांपूर्वी ह्याला दहा मिनिटं लागली असती. तेव्हा तिरपा एक्कावन्न वर्षांचा होता.

टपाल कचेरीत गर्दी नव्हती. खिडकीमागच्या बाईने पाकीट तळहातावर तोललं.

'साधं पाठवायचंय की नोंद करून?'

'साधं. कधी पोचेल?'

'चार दिवस धरा. घाईचं आहे का?'

'नाही,' तो म्हणाला.

पेटी बाहेर पायऱ्यांशी होती. पत्ता त्याने पुन्हा वाचला, मग पुन्हा वाचला. पाकीट फटीत अर्धं घालून तो उभा राहिला. अजून ते ओढून घेता येत होतं, दोन बोटांनी धरलेलं होतं. मागून एक बाई आली, तिच्याकडे तीन पाकिटं होती, ती रांगेत थांबली. त्याला लोकांना ताटकळत ठेवायची फार भीती. त्याने बोटं उघडली. आत तळाशी इतर कागदांवर कागद पडल्याचा आवाज आला, अगदी हलका, आणि तो बाजूला सरकला. चार दिवस, ती बाई म्हणाली होती. म्हणजे अजून चार दिवस तिरपा चुकलेलाच होता, आणि सुखात होता.